घराचा गुत्ता एकाच हाती देताना

आमच्या जुन्या घराच्या न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर २००९ च्या पावसाळ्यात ओल दिसू लागली. घर बांधून तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. प्लंबरला बोलावले, तर त्याने नळजोडणी तपासून सांगितले की पाइप कोरडे आहेत, फरशीवाल्याने सांधे नीट भरलेले नाहीत. फरशीवाल्याच्या मते सांधे ठीक होते, पण खालचा कोबा भेगाळला होता आणि ते काम गवंड्याचे होते. गवंडी म्हणाला की त्याने कोबा अखंड करून दिला होता, नंतर पाइप टाकण्यासाठी प्लंबरनेच तो फोडला. तिघांचेही बोलणे ऐकताना पटत होते आणि बहुधा तिघांच्याही बोलण्यात थोडे तथ्य होते. दुरुस्तीचा खर्च मात्र आम्हीच केला, कारण प्रत्येकाशी वेगळा व्यवहार झालेला होता, प्रत्येकाचा हिशोब चुकता झालेला होता आणि एकाचे काम जिथे संपून दुसऱ्याचे सुरू होते ती जागा कोणाच्याच व्यवहारात लिहिलेली नव्हती.

त्या घरासाठी मी खोदाईवाला, गवंडी, काँक्रीटसाठी साचे उभारणारा सेंट्रिंगवाला, सळई बांधणारा फिटर, प्लंबर, वायरमन, फरशीवाला आणि रंगारी अशा आठ जणांशी स्वतंत्रपणे बोललो होतो. सिमेंट, वाळू, खडी, विटा मी स्वतः आणत होतो. मी त्या वेळी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवत असे. सकाळी साइटवर जाऊन दुपारी वर्गावर उभे राहायचे आणि संध्याकाळी पुन्हा उचल मागायला आलेल्या माणसाशी बोलायचे, असा सव्वा वर्षाचा क्रम होता. वेगवेगळी मजुरी दिल्याने पैसे वाचतात असे सगळे सांगत होते. काही वाचलेही असतील, पण वाया गेलेला माल, कामगार एकमेकांसाठी थांबून राहिल्याने बुडालेले दिवस आणि नंतरच्या दुरुस्त्या यांचा हिशोब कोणी मांडत नाही, आणि मीही तेव्हा मांडला नव्हता.

पुढे ते घर भावाच्या वाट्याला गेले आणि २०२१ मध्ये लातुरातच, शहराच्या कडेला घेतलेल्या प्लॉटवर आम्ही नवे घर बांधायला काढले. या वेळी संपूर्ण काम एकाच माणसाकडे द्यायचे, हे आम्ही उभयतांनी आधीच ठरवले होते. आपल्याकडे कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणतात आणि गुत्त्याचे दोन प्रकार सर्वांना माहीत आहेत: एक केवळ मजुरीचा, दुसरा मालासह. टर्न-की हा त्यापुढचा प्रकार. यात नकाशा, परवानगी, पाया, स्लॅब, गिलावा, वीज, पाणी, रंग असे सगळे एकाच्याच अंगावर असते आणि ठरलेल्या रकमेत राहण्यायोग्य घराची चावी मालकाच्या हातात द्यायची असते. मोठ्या सरकारी कामांत ही पद्धत जुनी आहे. जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून गेलेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग १६ टप्प्यांत विभागून प्रत्येक टप्पा आराखड्यासह एकेका कंत्राटदाराकडे सोपवला गेला होता. अशा कामांत कराराचे दस्तऐवज शेकडो पानांचे असतात. आपल्याकडे घराचा गुत्ता मात्र पुष्कळदा वहीच्या एका पानावर आणि चौरस फुटाच्या एका आकड्यावर ठरतो, आणि माझ्या मते पुढच्या बहुतेक भांडणांचे मूळ तिथेच असते.

एकाच गुत्तेदाराला काम देण्याचे कारण विचारले की बहुतेक लोक ‘डोक्याला ताप नको’ असे सांगतात. मला हे कारण अपुरे आणि काहीसे धोक्याचेही वाटते. ज्याला पाहायचेच नाही त्याच्यासाठी ही पद्धत सर्वांत महाग पडते, कारण ठरलेल्या रकमेत माल जितका हलका तितका गुत्तेदाराचा फायदा जास्त, हे तिच्या रचनेतच आहे. तिचा खरा लाभ निराळा आहे. जबाबदारी एका ठिकाणी गोळा होते आणि ती कोठे आहे हे मालकाला नेमके ठाऊक असते. पण ती आपोआप गोळा होत नाही. पहिला हप्ता देण्यापूर्वी ती कागदावर एकेका वाक्याने बांधून घ्यावी लागते. पहिला हप्ता गेल्यावर तुमच्या शब्दाचे वजन कमी होते आणि स्लॅब पडल्यावर तर ते फारच थोडे उरते.

सर्वांत आधी जमिनीबद्दल लिहितो, कारण मराठवाड्यात घराचे भवितव्य पुष्कळसे तिथेच ठरते. आपली काळी कापसाची माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या मातीत उथळ पाया घेतला की काही वर्षांतच खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या चिरा निघतात आणि पावसाळ्यात दारे चौकटीत अडकू लागतात. म्हणून पाया काळ्या मातीतून खाली नेऊन घट्ट मुरमावर टेकवावा लागतो, आणि जोत्याच्या आत भरावही मुरमाचाच घ्यावा लागतो. खड्ड्यातून निघालेली तीच काळी माती पुन्हा आत ढकलण्याचा मोह अनेकांना होतो, कारण मुरमाचा प्रत्येक ब्रास विकत आणावा लागतो आणि काळी माती उचलून नेण्यासाठी उलट पैसे द्यावे लागतात.

आमच्या गुत्तेदाराने भाव सांगताना पाया ५ फूट धरला होता. आम्ही नेमलेल्या इंजिनिअरने सह्या होण्यापूर्वीच प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत चाचणी खड्डे घ्यायला लावले. एका कोपऱ्यात साडेचार फुटांवर मुरूम लागला, दुसऱ्या कोपऱ्यात मात्र साडेआठ फूट खाली गेल्यावर लागला. हे आधी कळले म्हणून करारात एक कलम आले: पाया मुरमापर्यंतच जाईल, ५ फुटांपर्यंतचा खर्च मूळ रकमेत असेल आणि त्याखालच्या खोदाईचा, काँक्रीटचा व सळईचा दर अमुक राहील. पुढे तिथे खरोखरच जास्त खोल जावे लागले तेव्हा टेप लावून मोजमाप झाले आणि अर्ध्या तासात हिशोब मिटला. जमिनीखालची सगळी जोखीम ठरलेल्या रकमेत गुत्तेदारावर टाकणे मला न्याय्य वाटत नाही, आणि शहाणपणाचेही वाटत नाही. जे त्याने पाहिलेलेच नाही त्याचा भाव तो एक तर भीतीपोटी वाढवून सांगेल, नाही तर कमी सांगून खड्ड्यातच काटकसर करेल, आणि खड्डा बुजल्यावर ती काटकसर कोणालाच दिसणार नाही.

माझ्या पत्नीचे माहेर औसा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर गावे झोपेत असताना किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तिने जे पाहिले, त्याविषयी ती फारसे बोलत नाही. पण घराच्या करारावर बसलो तेव्हा तिचा पहिला प्रश्न कॉलमच्या उभ्या सळयांना आवळणाऱ्या रिंगांविषयी होता. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड माळवद यांनी त्या पहाटे हजारो माणसे गाडली. आता आपण काँक्रीटची घरे बांधतो म्हणून निश्चिंत असतो. परंतु कॉलमच्या रिंगांची टोके नुसती काटकोनात वाकवलेली असतील तर जोराच्या हादऱ्यात त्या उघडतात आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १३९२० मध्ये, ही टोके १३५ अंशांत आत वळवायला सांगितली आहेत. भूकंपापूर्वी किल्लारीचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या झोन १ मध्ये गणला जात होता. २००२ च्या सुधारित भूकंप-नकाशात तो झोन ३ मध्ये आला. आमच्या गुत्तेदाराचा फिटर वर्षानुवर्षे काटकोनातच रिंगा वाकवत आलेला होता आणि त्यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता. पण करारात ‘१३५ अंश’ असे शब्द होते, म्हणून गुत्तेदारानेच त्याच्याकडून पहिल्या दोन कॉलमच्या रिंगा पुन्हा करून घेतल्या. मला फिटरशी एक शब्दही बोलावा लागला नाही.

पैशाच्या हप्त्यांबाबतचा धडाही मला किल्लारीतूनच मिळाला. त्या पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली आणि तिथली बहुतांश घरे बाहेरच्या यंत्रणांनी बांधून दिली. त्याशिवाय फार मोठ्या संख्येने घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण मालकांनी स्वतः करून घेतले. त्या दुसऱ्या प्रकारात मदत एकरकमी मिळत नसे. आधीच्या टप्प्याचे काम अभियंत्याने पाहिल्यावर पुढचा हप्ता मिळत असे. खासगी गुत्त्यातही नेमके हेच व्हायला हवे. आमच्या ओळखीच्या एका घरी कराराच्या दिवशीच निम्मी रक्कम दिली गेली होती, आणि जोत्यावर येऊन थांबलेले ते काम पुढे वर्षभर तसेच पडून होते. आम्ही हप्ते असे ठेवले की प्रत्येक वेळी झालेले काम दिलेल्या पैशापेक्षा थोडे पुढे असेल: सामान आणण्यापुरती आगाऊ रक्कम, मग जोते, मग कॉलम, स्लॅब, वीटकाम, गिलावा, फरशी, आणि शेवटी ताबा. एकूण रकमेपैकी ५ टक्के रक्कम दोन पावसाळे होईपर्यंत आमच्याकडेच राहील असेही लिहिले. गुत्तेदाराला हे शेवटचे कलम आवडले नव्हते. “सर, आमच्यावर इश्वास नाही का तुमचा?” असे त्याने विचारले. मी त्याला सांगितले की सरकारी कामात तुम्ही सुरक्षा ठेव ठेवताच, ती विश्वास नाही म्हणून ठेवत नाही. त्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला आणि त्याने मान्य केले.

चौरस फुटाच्या दराविषयी एवढेच सांगतो की तो आकडा ऐकण्यापूर्वी कोणते फूट मोजले जाणार हे विचारावे. पोर्च पूर्ण धरला जाणार की निम्मा, जिन्यावरचे छप्पर मोजात येणार की नाही, पाण्याचा हौद, सेप्टिक टाकी, कंपाउंडची भिंत, फाटक, बोअरची मोटार, वीज मीटरचा खर्च हे सारे आत की बाहेर, याची उत्तरे मिळाली की स्वस्त वाटणारा दर पुष्कळदा महाग ठरतो. आम्ही तिघांकडून भाव घेतले होते. ज्याचा आकडा सर्वांत कमी होता, त्याच्या दरात हौद, कंपाउंड आणि गच्चीचे वॉटरप्रूफिंग यांपैकी काहीच नव्हते.

करारात ‘चांगल्या प्रतीचे’ आणि ‘आवश्यक तेवढे’ हे शब्द जिथे जिथे येतील तिथे तिथे भांडण लपलेले असते. सिमेंटची कंपनी आणि प्रकार, सळईचा दर्जा (आम्ही एफई ५०० डी लिहिले होते), काँक्रीटची ताकद एम-२० की एम-२५, विटा भाजक्या की सिमेंटच्या, वायरची जाडी, फरशीचा प्रति चौरस फूट खरेदीभाव, दरवाजाचे लाकूड आणि नळांचा ब्रँड हे सर्व नावानिशी लिहावे. आमच्याकडून वीज पॉइंटच्या बाबतीत चूक झाली. तिथे ‘आवश्यक तेवढे पॉइंट’ असेच राहून गेले आणि स्वयंपाकघरात मिक्सर, फ्रिज, वॉटर फिल्टर, मायक्रोवेव्ह यांसाठी स्वतंत्र पॉइंट मागितले तेव्हा त्यांची ‘जादा काम’ म्हणून वेगळी आकारणी झाली. ती आकारणी चुकीची होती असे मी म्हणू शकत नाही, कारण किती पॉइंट आवश्यक आहेत हे आम्हीच लिहिले नव्हते.

सळईच्या वजनाची एक गोष्ट मात्र प्रत्येक मालकाने पाठ करावी. सळईच्या मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग करून त्याला १६२ ने भागले की एका मीटरचे वजन किलोमध्ये मिळते. १२ मिलिमीटरच्या सळईचे ते ०.८८८ किलो भरते, म्हणजे १२ मीटरची पूर्ण सळई साधारण १०.६६ किलोची असायला हवी. मानकात या जाडीच्या सळयांना एकूण वजनात ५ टक्के कमी-जास्त चालते. साइटवर आलेल्या भाऱ्यातली एखादी सळई वजनकाट्यावर टाकली की माल कसा आहे ते कळते, आणि आपण काटा लावतो हे गुत्तेदाराला ठाऊक असले की हलका माल सहसा येतच नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा माणूस. तो गुत्तेदार नव्हे. टर्न-की कामात नकाशा काढणारा, बांधणारा आणि तपासणारा हे तिघेही गुत्तेदाराच्याच पगारावर असले तर तपासणीला अर्थ उरत नाही. म्हणून आम्ही स्वतःच्या खर्चाने एक निवृत्त इंजिनिअर ठेवले होते. ते महत्त्वाच्या टप्प्यांवर येऊन पाहत आणि भेटीगणिक पैसे घेत. स्लॅबच्या दिवशी सकाळी सातला मिक्सर येऊन उभा होता, बिगारी आणि लिफ्टवाले तयार होते, आणि साहेबांनी वर जाऊन पाहिले तर सळयांखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे सळया साच्यापासून उचलून धरणारे ठोकळे, जवळजवळ नव्हतेच आणि वरच्या बाजूच्या सळया रात्री कोणीतरी चालल्यामुळे खाली दबलेल्या होत्या. त्यांनी काम थांबवले. चार तास मिक्सर नुसता उभा राहिला. गुत्तेदार चिडला, पण फिटर, सेंट्रिंगवाला आणि मजूर हे तिघेही त्याचेच असल्याने बोट दाखवायला त्याच्याकडे दुसरे कोणी नव्हते, आणि थांबण्याचा खर्चही त्याचाच होता. अकराच्या पुढे स्लॅब पडायला सुरुवात झाली आणि रात्री नऊपर्यंत काम चालले. जुन्या घराच्या वेळी हाच प्रसंग आला असता तर फिटरने सेंट्रिंगवाल्याचे नाव घेतले असते आणि मिक्सरचे भाडे माझ्या अंगावर पडले असते. एकच गुत्तेदार असण्याचा अर्थ मला त्या सकाळी पूर्ण समजला.

पाणी मारण्याचे कलम लातूरकरांना वेगळे सांगायला नको, तरी करारांत ते अभावानेच दिसते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या या शहरात काँक्रीटला पाणी कोण पुरवणार, टँकर कोणाच्या पैशाने येणार आणि किती दिवस मारणार, हे लिहिले नाही तर बांधकाम तहानलेलेच राहते. काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि कोरड्या, उष्ण हवेत किमान १० दिवस ओलावा ठेवावा लागतो. बाजारात सर्रास मिळणाऱ्या राखमिश्रित सिमेंटसाठी १४ दिवस सुचवलेले आहेत. आम्ही सरसकट १४ दिवस लिहिले, स्लॅबवर वाफे बांधून पाणी भरून ठेवायला लावले आणि कॉलमना गोणपाट गुंडाळायला लावले. टेकू काढण्याचे दिवसही लिहून ठेवावेत, कारण ज्याची एकाच वेळी तीन कामे चालू असतात त्याला सेंट्रिंगचे सामान पुढच्या साइटवर नेण्याची घाई असते.

मुदतीच्या बाबतीत आमचा करार कच्चा राहिला आणि त्याची किंमत आम्ही मोजली. ‘अंदाजे नऊ महिने’ असे लिहिले होते; काम डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाले आणि ताबा फेब्रुवारी २०२३ मध्ये मिळाला. दसऱ्यानंतर बिगारी ऊसतोडीला गेले, मध्ये गुत्तेदाराने दुसरे मोठे काम धरले आणि आमचा फरशीवाला महिनाभर तिकडेच होता. भाड्याच्या घरातले ते पाच महिने विशेषतः माझ्या वृद्ध आईला फार जड गेले. तारीख नेमकी हवी, तिच्यापुढे प्रत्येक आठवड्याला किती रक्कम कापली जाईल ते हवे, आणि मालकाकडून हप्ता उशिरा गेला तर मुदत किती वाढेल हेही हवे.

कायद्याबाबत दोन गोष्टी थोडक्यात सांगतो. २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्यात असलेली बांधकामातील दोषांची पाच वर्षांची जबाबदारी विकासकाने विकलेल्या घरांसाठी आहे; स्वतःच्या प्लॉटवर गुत्तेदाराकडून बांधून घेतलेल्या घराला ती लागू होत नाही. म्हणून दोषदुरुस्तीची मुदत आपल्या करारातच असावी लागते. मात्र ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘सेवा’ या शब्दाच्या व्याख्येत घरबांधणी आहे, त्यामुळे काम सदोष असेल तर ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, आणि तिथे लेखी करार व बँकेतून दिलेल्या पैशाच्या नोंदीच उपयोगी पडतात. कराचा फरकही आधीच समजून घ्यावा: स्वतंत्र घराच्या निव्वळ मजुरीच्या कंत्राटाला जीएसटीतून सूट आहे, पण मालासह दिलेल्या कंत्राटावर नोंदणीकृत गुत्तेदार १८ टक्के जीएसटी लावतो. सांगितलेला दर करासह आहे की कराशिवाय, हे न विचारल्यामुळे अनेकांचे गणित शेवटी चुकते.

गुत्तेदार निवडताना नुकतीच रंगवलेली घरे पाहू नयेत. त्याने तीन-चार वर्षांपूर्वी बांधलेली घरे विचारून घ्यावीत, शक्यतो ऑगस्टमध्ये जावे, न्हाणीघराच्या मागची भिंत आणि गच्चीखालचे कोपरे पाहावेत, आणि मालकिणीला विचारावे की तक्रार केल्यावर हा माणूस किती दिवसांनी आला. आम्ही अशी तीन घरे पाहिली. एका घरात ओल होती, पण त्या ताईंनी सांगितले की फोन केल्यावर तो आठवड्याच्या आत येऊन गेला होता. आम्ही त्यालाच काम दिले.

२०२३ च्या पावसाळ्यात आमचे घर कोरडे राहिले. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये देवघरावरच्या कोपऱ्यात तळहाताएवढा डाग उमटला. मी फोन केला. पाचव्या दिवशी गुत्तेदार दोन माणसे घेऊन आला, त्याने गच्चीवरचा त्या कोपऱ्यातला कोबा काढला, पावसाच्या पाइपाभोवतीची फट भरली, पुन्हा वॉटरप्रूफिंग केले आणि दोन दिवस पाणी साठवून दाखवले. प्लंबरचे की गवंड्याचे, असा प्रश्न या वेळी कोणी विचारला नाही. दिवाळीनंतर मी राखून ठेवलेल्या ५ टक्क्यांचा धनादेश त्याला दिला आणि त्याने कराराच्या शेवटच्या पानावर रक्कम मिळाल्याची सही केली.